रायबंदरला नदीकाठी घर घ्यायचं तर आधी काय बघावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याचं कुटुंब. नवरा पणजीत पाटोवरच्या कार्यालयात, बायको बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), मुलगी पाचवीत, सासूबाईंनी सत्तरी ओलांडलेली. रोजच्या ये-जा करण्याला कंटाळून दोघांनी पणजीजवळच्या रायबंदरला दोन जागा बघून ठेवल्या आहेत. एक रस्त्याला लागूनच असलेलं जुनं चिऱ्यांचं कौलारू घर, समोर मांडवी नदी. दुसरी मागच्या चढावर, पंचवीसेक वर्षांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही. यातली कुठली घ्यावी, आणि मुळात नदीकाठी राहणं झेपेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सिव्हिल इंजिनीयर आहे. पणजीच्या आसपासची, तिसवाडी तालुक्यातली जुनी घरं आणि इमारती तपासणं, दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे उत्तर त्याच अंगानं देतो.

राहायला रायबंदर चांगलं आहे, अगदी मनापासून सांगतो. पणजीचं बसस्टँड चार-पाच किलोमीटरवर, उलट दिशेला तेवढ्याच अंतरावर जुनं गोवें, त्याच्या पलीकडे कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन. जुन्या गोव्यात रोगराई वाढली तेव्हा माणसं तिथून उठून पणेली, रायबंदर, पणजी अशी नदीकाठानं पश्चिमेकडे सरकत गेली, आणि पणजी राजधानी झाली ती 1843 साली. म्हणजे ही वस्ती राजधानीपेक्षा जुनी. तिला शेजार आहे, पोदेर दारात पाव घेऊन येतो, मासळी दाराशी मिळते. नव्या कॉलनीत ही घडी बसायला एक पिढी जाते. फोंड्याकडची बरीचशी वाहतूक आता वरून, कदंब पठारावरच्या बगलमार्गानं जाते, म्हणून खालचा नदीकाठचा रस्ता पूर्वीपेक्षा शांत झाला आहे. आणि मोठी गोष्ट म्हणजे तुमची दोघांची कामं नदीच्या याच तीरावर आहेत. पलीकडच्या तीरावर पर्वरीला किंवा बेतीला घर घेतलेल्या माणसाचा दिवस पुलावर अवलंबून असतो. 1986 साली मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पलीकडच्या लोकांनी काय हाल सोसले ते जुन्या पणजीकरांना विचारा. आज तीन पूल आहेत, तरी सकाळी नऊला पर्वरीहून खाली उतरणं सोपं नाही.

आता मुद्द्याचं. रायबंदरला घर बघायला जाणारा माणूस नदीचा देखावा बघतो आणि तिथंच भुलतो. घर पारखायचं ते पाण्याच्या तीन वाटांवरून: नदीचं पाणी किती वर येतं, डोंगराचं पाणी कुठून खाली जातं, आणि भिंतीतलं पाणी कुठपर्यंत चढलं आहे. या तिन्हींची उत्तरं मनासारखी आली तर बाकी सगळं पैशानं आणि धीरानं निभावतं.

पहिल्या दोन वाटा एकत्रच समजून घ्याव्या लागतात. मांडवी इथं भरती-ओहोटीची नदी आहे. दिवसातून दोनदा भरती येते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो. रायबंदरची वस्ती म्हणजे एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पठाराचा उतार आणि मधे चिंचोळी पट्टी. पठारावर पडणारा पाऊस गटारांतून, ओहळांतून याच पट्टीतून नदीला मिळतो. पणजी परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उधाणाची भरती लागली की गटाराचं नदीतलं तोंड पाण्याखाली जातं. त्याच वेळी वर जोराची सर आली तर डोंगराच्या पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही, ते रस्त्यावर तुंबतं, रस्त्यालगतच्या घरांच्या पायऱ्यांना लागतं, आणि ओहोटी लागेपर्यंत दोन-तीन तास तसंच उभं राहतं. पणजीत मळा भागात आणि ओरेंच्या खाडीलगत हेच होतं. पावसानं तुंबलं म्हणून सगळे पावसाला बोल लावतात, पण तोच पाऊस ओहोटीला पडला असता तर अर्ध्या तासात निचरा झाला असता.

म्हणून घर बघायची वेळ तुम्ही निवडा, दलालाला निवडू देऊ नका. मुरगाव बंदराचं भरतीचं वेळापत्रक सहज मिळतं, नदीत आत थोडा उशीर धरायचा. आपल्याकडे उधाणाची भरती साधारण सकाळी अकराच्या आणि पुन्हा रात्री अकराच्या आसपास येते, मग रोज पाऊण तासानं पुढे सरकते. जुलै-ऑगस्टमधली अमावस्या किंवा पौर्णिमा गाठा आणि भरतीच्या आधी अर्धा तास जाऊन भरती सरेपर्यंत तिथं थांबा. घराच्या उंबऱ्याची उंची रस्त्याच्या मध्यापासून मोजा. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा थोडा वर येत गेलेला असतो आणि जुना उंबरा होता तिथंच राहिलेला असतो, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी तीन पायऱ्या चढून जायचं घर आज एकाच पायरीचं झालेलं असतं. घरासमोरच्या गटारात उलटं, नदीकडून आत येणारं पाणी दिसतं का बघा. शेजारच्या दुकानाच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर चिखलाची जुनी रेघ असेल तर ती कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा खरी. आणि शेजारी विचारताना ‘पाणी येतं का’ असं विचारू नका, लोक नाही म्हणतात. ‘पाणी आलं की फ्रीज कशावर ठेवता’ असं विचारा.

पणजीकडून येताना कॉजवे लागतो, त्याच्या दोन्ही अंगांना खारफुटी, खाजन (बांध घातलेली सखल शेतजमीन) आणि मिठागरं आहेत. पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिसच्या काळात 1633-34 मध्ये बांधलेल्या या तीनेक किलोमीटरच्या रस्त्याखाली कमानी ठेवल्या आहेत, भरतीचं पाणी आतबाहेर व्हावं म्हणून. बांध आणि मानशी (पाणी अडवायची-सोडायची दारं) यांच्या जोरावर चालणारी ही सखल जमीन भरतीचं आणि पावसाचं पाणी पोटात घेते आणि ओहोटीला सोडते. ती भराव घालून बुजवली की तेवढं पाणी वस्तीत शिरणार. म्हणून तुमच्या जागेच्या आसपास कुठं मातीचे ट्रक रिकामे होत असतील तर तिकडे दुर्लक्ष करू नका. सखल जमीन भरायला आणि डोंगर कापायला गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ खाली परवानगी लागते, आणि शेजाऱ्यांनी लेखी तक्रार केली तर काम थांबतंही.

तिसरी वाट भिंतीतली. रस्त्यालगतच्या जुन्या घराचा निर्णय इथं होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चिरा, म्हणजे जांभा, सच्छिद्र दगड आहे. पायातलं पाणी तो वर ओढतो. नदीकाठी त्या पाण्यात मीठ असतं. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावर येऊन सुकतं, मीठ मागे राहतं, त्याचे स्फटिक फुगतात आणि गिलावा सुटतो. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. जुन्या कारागिरांनी गिलावा चुन्याचा केला होता, कारण चुना पाण्याला बाहेर जाऊ देतो. दर वर्षी चतुर्थीच्या आधी चुन्याचा हात मारला की भिंत वर्षभर सुखी. नंतरच्या लोकांनी ओल दिसली म्हणून खालचे तीन-चार फूट सिमेंटनं लिंपले, वर ऑईलपेंट चढवला. झालं काय, तर पाण्याची बाहेर पडायची जागा बंद झाली आणि ओल सिमेंटच्या वर, चार-पाच फुटांवर जाऊन फुटली. मग तिथपर्यंत टाइल्स लावल्या. दिवाणखान्याच्या भिंतीला कमरेपर्यंत टाइल्स दिसल्या तर त्या हौसेनं लावलेल्या नाहीत, असं खुशाल समजा. त्या टाइल्सच्या वरच्या कडेला बोटाच्या पेरानं वाजवत जा. पोकळ आवाज आला, रंग पापुद्र्यानं निघाला, खाली पांढरी पूड पडली, की ओल कुठपर्यंत चढली आहे ते कळलं. घर विकायला काढण्याआधी नेमका खालचाच भाग रंगवलेला असेल तर तेही लक्षात घ्या.

यावर उपाय आहे, पण तो घाईचा नाही. सगळा सिमेंट गिलावा खरवडून काढायचा, भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी सुकू द्यायची, सुटलेलं मीठ कोरड्या ब्रशनं झाडत राहायचं, मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. मीठ हवेतली ओलही ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात भिंत थोडी दमट वाटणारच. घरभर प्लास्टिक पेंट आणि वॉलपेपर ही स्वप्नं अशा घरात बघू नयेत. लाकूडही तपासा. वासे भिंतीत जिथं टेकतात तिथं जाड सुई किंवा पेचकस टोचून बघायचा, सहज आत गेला तर वाळवीनं किंवा कुजीनं आतून खाल्लेलं आहे. कौलं बदलणं त्या मानानं किरकोळ.

एक गोष्ट या तीराबद्दल फारसं कोणी सांगत नाही. रायबंदर मांडवीच्या दक्षिण तीरावर आहे. म्हणजे नदी उत्तरेला आणि डोंगर दक्षिणेला. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून कलता जातो तेव्हा डोंगराच्या कुशीतल्या घरांना ऊन कमीच मिळतं, आणि नदीकडचा दर्शनी भाग तर थेट उन्हाला पारखाच. घर मे महिन्यात गार लागतं, तुम्हाला ते आवडून जाईल, पण पावसानं भिजलेली भिंत सुकायला जे ऊन लागतं ते इथं पुरेसं नाही. त्या बदल्यात नैर्ऋत्येचा पाऊस डोंगर अंगावर घेतो. समोरच्या तीरावर, बेती-वेरेंच्या बाजूला, घरं दक्षिणेकडे तोंड करून असतात, त्यांना भरपूर ऊन मिळतं आणि पावसाचा मारही तेवढाच. म्हणून जुनं घर बघाल तेव्हा मागच्या बाजूला अंगण किंवा मोकळी जागा आहे का ते बघा. डोंगराचा कडा आणि मागची भिंत यांत माणूस जाईल एवढं अंतर आणि वाहतं गटार असेल तर घर श्वास घेतं. मागची भिंत मातीला टेकली असेल तर ते घर, कितीही देखणं असलं तरी, मी तुम्हाला घ्यायला सांगणार नाही.

सांडपाण्याचंही विचारा. घर सार्वजनिक मलनिस्सारण वाहिनीला जोडलेलं आहे की सेप्टिक टँकवर आहे? नदीलगत भरतीबरोबर जमिनीतलं पाणी वर येतं, शोषखड्डा आतून भरतो आणि संडासाचं पाणी मागे सरतं. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी संडासात गुडगुड आवाज येतो का, हा प्रश्न विचारायला लाजू नका. विहीर असेल तर मे महिन्यात पाण्याची चव बघा आणि प्रयोगशाळेत क्षार व जंतू दोन्ही तपासून घ्या. नळाचं पाणी तुमच्या फोंड्याजवळच्या ओपा प्रकल्पातूनच येतं, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथली वाहिनी फुटली तेव्हा पणजी-तिसवाडीनं कित्येक दिवस पाण्याविना काढले. भूमिगत टाकी असेल तर तिचं झाकण तुंबणाऱ्या पाण्याच्या रेषेच्या वर आहे याची खात्री करा, नाहीतर गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं.

जुन्या घराच्या कागदांसाठी वकील लागेलच, पण काय शोधायचं ते तुम्हालाही माहीत असलेलं बरं. गोव्यात विवाहित माणसाची मालमत्ता सहसा नवरा-बायको दोघांची असते, त्यामुळे विक्रीखतावर दोघांच्याही सह्या लागतात. घर आजोबांच्या नावावर असेल तर सगळे वारस, त्यांचे जोडीदार, आणि त्यातला कुणी पोर्तुगालला तर कुणी मुंबईला. इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांमधल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया पुरी होऊन घर कुणाच्या वाट्याला आलं हे कागदावर नसेल तर ‘भावंडांची हरकत नाही’ या तोंडी शब्दावर एक रुपयाही देऊ नका. गावाच्या सर्व्हेत असेल तर एक-चौदाचा (जमिनीच्या हक्कांचा) उतारा, शहर सर्व्हेत असेल तर फॉर्म डी (मालमत्ता पत्रक) आणि नकाशा. आवारात मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या संमतीनं त्याच्या जमिनीत राहत आलेल्या माणसाचं घर आहे का, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. 1975 च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे, त्याचा हक्क मान्य करूनच किंमत ठरली पाहिजे.

किनारी नियमन क्षेत्राचाही (सीआरझेड, जिथं बांधकामावर निर्बंध असतात) विचार करावा लागतो. 2011 च्या अधिसूचनेप्रमाणे भरतीच्या नदीला भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी असेल तेवढं क्षेत्र लागतं. मांडवी तिथं शंभर मीटरपेक्षा कितीतरी रुंद, म्हणजे 100 मीटर धरून चाला. 2019 च्या अधिसूचनेत हे अंतर 50 मीटरवर आणलं आहे, पण ती लागू होते राज्याचा त्यानुसारचा आराखडा मंजूर झाल्यावरच. रस्त्यालगतचं घर दोन्ही हिशेबांनी आत येतं. आहे ते घर दुरुस्त करण्याची परवानगी मिळते, मजला वाढवणं किंवा पाडून नवं बांधणं हा वेगळा विषय आहे. घर 19 फेब्रुवारी 1991 च्या, म्हणजे पहिल्या किनारी अधिसूचनेच्या आधीचं आहे हे दाखवणारे जुने सर्व्हे नकाशे आणि घरपट्टीच्या पावत्या विकणाऱ्याकडून आधीच मागून घ्या, पुढे प्रत्येक अर्जाला त्या लागतील.

आता फ्लॅट. पुराची भीती नाही, कागद त्या मानानं सरळ. पण नदीकाठच्या खाऱ्या हवेत काँक्रीटमधलं लोखंड गंजतं, फुगतं आणि काँक्रीट फोडतं. त्या काळात कित्येक बांधकामांत नीट न धुतलेली खाडीची रेती वापरली गेली आहे, तिथं हा गंज आतूनच सुरू होतो. तुमचा फ्लॅट बघण्याआधी तळमजल्यावरचं पार्किंग बघा. तिथले खांब आणि तुळया रंगानं झाकलेल्या नसतात. खांबावर उभी सरळ चीर, सळीच्या रेषेतच, दिसली तर ती गंजाची. मग छज्जे, गच्चीची टाकी, न्हाणीघराखालचा स्लॅब. सोसायटीनं स्ट्रक्चरल ऑडिट केलं असेल तर अहवाल मागा, केलं नसेल तर खरेदीच्या अटीत घाला. चढावरच्या इमारतीला मागे संरक्षक भिंत असते, तिच्यातल्या पाणी जायच्या भोकांतून पावसात पाणी येत असेल तर ठीक. कोरडीठाक भोकं आणि पोट सुटलेली भिंत म्हणजे मागे पाणी साचलं आहे. जांभ्याच्या थराखालची चिकण माती भिजली की साबणासारखी सुळसुळीत होते, आणि डोंगर खचतो तो तिथूनच. सोसायटी नोंदलेली आहे का आणि जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर झाली आहे का, हेही विचारा. गोव्यात हे काम वर्षानुवर्षं लोंबकळत पडलेलं मी फार ठिकाणी पाहतो.

रोजच्या जगण्याबद्दल थोडं. संध्याकाळी खारफुटीकडून डास येतात, जाळ्या लावाव्याच लागतात. पावसाळ्यात चपला, चामडं आणि पुस्तकं बुरशी धरतात. पुस्तकांची कपाटं बाहेरच्या भिंतीला लावू नका, आतल्या भिंतीला, चार बोटं अंतर ठेवून लावा. सेंट झेवियरच्या फेस्ताला, 3 डिसेंबरला आणि त्याआधीच्या नोव्हेनांच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनांच्या) दिवसांत, जुन्या गोव्याकडची गर्दी वाढते, तेव्हा कामावर वरच्या बगलमार्गानं जावं. बांबोळीला तसंही तुम्ही चिंबल-मेरशीकडूनच जाल. मुलीला पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय आणि कांपालची कला अकादमी रोजच्या आवाक्यात मिळेल, फोंड्याहून हे रोज जमत नाही. आणि रविवारी सकाळी फेरीबोटीनं समोरच्या चोडण बेटावर जाऊन सलीम अली पक्षी अभयारण्याच्या कडेनं चालून यायला पाऊण तास पुरतो. समोरच्या किनाऱ्यावर असं अभयारण्य आहे म्हणून तो काठ हिरवा राहिला आहे, हे रायबंदरचं मोठं भाग्य आहे.

तर कुठली जागा? तुमच्या घरची परिस्थिती बघता माझा कौल चढावरच्या फ्लॅटला, पण सासूबाईंसाठी दोन मजल्यांचे जिने आहेत, ही खरी अडचण आहे. त्याच इमारतीत किंवा शेजारी तळमजल्याचा किंवा पहिल्या मजल्याचा फ्लॅट मिळतो का ते आधी शोधा, थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील. जुनं घर माझ्या मनाला फ्लॅटपेक्षा कितीतरी जवळचं आहे, आणि कुणीतरी ते नीट जपावं असं मला फार वाटतं. पण त्याला दर वर्षी एक महिना आणि हाताशी चुन्याचं काम जाणणारा गवंडी लागतो. दोघं नोकरीत, घरात म्हातारं माणूस आणि पुरात गाडी लावायला जागा नाही, अशा स्थितीत पहिल्याच फटक्याला ते घेऊ नका.

त्याआधी रायबंदरलाच अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं राहा, आणि करार मे महिन्यात सुरू करा. पहिला पावसाळा तिथं काढलात की कुठल्या वळणावर पाणी तुंबतं, कुठल्या घरमालकाची भावंडं भांडतात, कुठल्या इमारतीचा पंप चालत नाही, हे शेजारीच सांगतील. जुन्या घराचा मालक तोवर थांबायला तयार नसेल तर टोकन देण्याआधी एवढं नक्की करा: उधाणाच्या भरतीला एक फेरी, भिंतीची आणि वाशांची तपासणी, आणि वकिलाकडून वारसांची पूर्ण यादी. तिन्ही हातात आल्यावर मोजमापं आणि फोटो मला पाठवा, दुरुस्तीचा अंदाज मी काढून देईन.